टाइल टॉपचं आउटडोअर टेबल: मापं, पाण्याचा बंदोबस्त आणि विक्रीचा खरा हिशोब



चॅनलवरच्या व्हिडिओत आपण लोखंडी फ्रेम आणि वर टाइल असलेलं बाहेरचं टेबल बनताना बघितलं. व्हिडिओत वेल्डिंगच्या ठिणग्या छान दिसतात, पण मापं आणि हिशोब डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगतो. या टेबलात गिऱ्हाईक टाइल बघून पैसे देतं, पण टेबल टिकतं ते टाइलच्या खाली काय आहे त्यावर. टाइल स्वतः पावसात खराब होत नाही. खराब होतं ते खालचं प्लायवूड, सांध्यातलं सिमेंट आणि पायाच्या आतून गंजणारा पाइप. उन्हाळ्यात विकलेलं टेबल जूनच्या पहिल्या पावसानंतर हलायला लागलं, तर तुमचं नाव गेलंच म्हणून समजा. त्यामुळे आज दोनच प्रश्न धरून चालू: पाणी कुठून शिरतं, आणि पैसा कुठून गळतो?

हे टेबल घेतं कोण?

टेरेस किंवा अंगण असलेली घरं, चहा-नाश्त्याची दुकानं, नर्सरी, हुरडा पार्टी आणि कृषी पर्यटन केंद्रं, कोकणातले होमस्टे. या सगळ्यांची अडचण एकच. प्लास्टिकचं टेबल उन्हात तडकतं, लाकडाला दरवर्षी पॉलिश लागतं, ग्रॅनाइट टॉपचं टेबल उचलवत नाही. टाइलचं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

यातही घरगुती गिऱ्हाईक एक टेबल घेतं आणि रंगावर अर्धा तास बोलतं. होमस्टेवाला एकदम चार-सहा घेतो, पण त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "पावसात बाहेर ठेवलं तर चालेल ना?" या प्रश्नाला तुम्ही छातीठोकपणे "हो" म्हणू शकलात, तर धंदा आहे.

आधी टाइल, मग टेबल

बहुतेक नवीन मंडळी आधी फ्रेम करून घेतात आणि मग त्यात बसणारी टाइल शोधतात. मग टाइल कापावी लागते, कड तुटते, वेळ जातो, नासाडी वाढते. आपण उलटं करायचं. एकही टाइल कापावी लागणार नाही, असं माप ठरवायचं.

आपण ३०० बाय ३०० मिमीची, ८ मिमी जाडीची टाइल धरू. लांबीत ३ आणि रुंदीत २, म्हणजे एका टेबलाला ६ टाइल्स. दोन टाइलमध्ये ३ मिमीचा सांधा, कारागिराच्या भाषेत एक सूत. कडेला चारही बाजूंनी तेवढीच फट.

लांबी: ३०० च्या ३ टाइल्स, मधले २ सांधे आणि कडेच्या २ फटी मिळून ९१२ मिमी.
रुंदी: ३०० च्या २ टाइल्स, मधला १ सांधा आणि कडेच्या २ फटी मिळून ६०९ मिमी.

हे झालं फ्रेमचं आतलं माप. पण टाइलवर ३०० लिहिलंय म्हणून ती ३०० असेलच असं नाही, एखाद-दोन मिमीचा फरक निघतो. म्हणून टाइल आणल्यावर सहा नग जमिनीवर स्पेसर लावून मांडा, टेपनं मोजा आणि तो आकडा फॅब्रिकेटरला द्या.

कोणती टाइल घ्यायची? दुकानात "बाहेरच्या फ्लोअरिंगची व्हिट्रिफाइड किंवा पोर्सिलेन" असं स्पष्ट सांगा. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल स्वस्त पडते, पण ती वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. पोर्सिलेनमध्ये हे प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत असतं. गुजरातच्या मोरबीतून येणाऱ्या मालात दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे बॉक्सवरचा मजकूर वाचायची सवय लावा. रंग फिका आणि फिनिश मॅट घ्या. गडद टाइल मे महिन्यात तव्यासारखी तापते आणि चकचकीत टाइल डोळ्यांवर येते. पार्किंगची फार खरबरीत टाइलही नको. तिच्या खाचांत चहा आणि हळद बसते, ती घासून निघत नाही.

फ्रेम: २८ मिमीची गंमत

वरच्या चौकटीला २५ बाय २५ बाय ३ मिमीचा अँगल लागेल. दुकानात "एक इंची, एक सूत अँगल" म्हटलं की कळतं. त्याची उभी बाजू बाहेर आणि आडवी बाजू खाली आतमध्ये, म्हणजे बोर्डला बसायला पाट तयार होतो. चौकटीचं बाहेरचं माप ९१८ बाय ६१५ मिमी.

पायांना २५ बाय २५ मिमीचा, १६ गेजचा चौकोनी पाइप. चार पाय प्रत्येकी ७२५ मिमी. खाली दोन आखूड आडवे ५६५ मिमीचे आणि त्यांना मधोमध जोडणारा एक लांब आडवा ८६८ मिमीचा, म्हणजे इंग्रजी एच सारखा आकार. बोर्डच्या खाली आधाराला आणखी दोन पट्ट्या ५६५ मिमीच्या, लांबीचे तीन सारखे भाग पाडतील अशा.

आता हिशोब बघा. या दोन आधारपट्ट्याही पाइपमधून काढायच्या ठरवल्या, तर पाइप लागतो ६०२८ मिमी. बाजारातली लांबी साधारण ६ मीटर. म्हणजे २८ मिमीसाठी, दोन बोटांच्या रुंदीएवढ्या तुकड्यासाठी, दुसरा पाइप घ्यायचा! उलट अँगलच्या लांबीतून चौकट कापल्यावर जवळपास ३ मीटर अँगल नुसता उरतो. मग आधारपट्ट्या त्या अँगलमधून काढा. सपाट बाजू वर, चौकटीच्या पाटाशी एका पातळीत. आता पाइप लागतो सुमारे ४.९ मीटर आणि अँगल सुमारे ४.२ मीटर. एक-एक लांबीत टेबल बसलं.

याला मी "कागदावरची कमाई" म्हणतो. ग्राइंडर चालू होण्याआधी दहा मिनिटं कागदावर कटिंग मांडलं तर पैसे तिथेच वाचतात.

फॅब्रिकेटरला तीन गोष्टी बजावून सांगा:

१. वेल्डिंगआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टाइलचे सांधे वाकडे दिसतील.

२. पायाच्या पाइपचं वरचं तोंड पूर्ण वेल्ड करून बंद करायचं. तिथे सुईएवढं भोक राहिलं तरी पाणी आत उतरतं आणि पाय आतून गंजतो. वरून रंग छान, आतून पाइप संपलेला!

३. अँगलच्या आडव्या पाटाला प्रत्येक लांब बाजूवर ५ मिमीची दोन भोकं पाडायची. कुठून पाणी शिरलंच, तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. पाणी अडवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याला वाट देणं.

रंगात घाई करू नका. वेल्डिंगची मळी घासून काढा, गंज पॉलिश पेपरनं उतरवा, प्रायमरचा हात द्या आणि तो वाळल्यावर इनॅमलचे दोन हात. बोर्ड बसण्याआधी पाटाच्या आतली आणि खालची बाजूही रंगवा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. माल किनारपट्टीला जाणार असेल तर गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो म्हणून तिथे झिंक प्रायमर लावायला विसरू नका.

टाइलखाली काय घालायचं?

इथेच टेबल वाचतं नाहीतर मरतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचा विचारच नको, पाणी लागलं की फुगून भुगा होतो. वॉटरप्रूफ प्लाय बरा, पण तोही ओला-कोरडा होताना थोडा हलतो. टाइल मात्र हलत नाही. खालचं हलतं आणि वरचं हलत नाही, म्हणून सांधा फुटतो, फुटलेल्या सांध्यातून आणखी पाणी जातं आणि एक दिवस टाइल हातात येते.

म्हणून १२ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड घ्या. तो पाण्यानं फुगत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही आणि टाइलचं अ‍ॅडहेसिव्ह त्याला घट्ट धरतं. जाडी १२ च का? अँगलची आतली उंची २२ मिमी आहे. १२ चा बोर्ड, ३ चं अ‍ॅडहेसिव्ह आणि ८ ची टाइल मिळून २३ मिमी. म्हणजे टाइल लोखंडी कडेपेक्षा १ मिमी वर येते. तेवढ्यानं पाणी कडेवरून ओघळून जातं. टाइल १ मिमी खाली राहिली असती तर टेबलाची परात झाली असती.

बोर्ड ९०९ बाय ६०६ मिमीचा कापा, म्हणजे सगळीकडून दीड मिमी मोकळी जागा राहील. कापताना मास्क लावाच, या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसाला वाईट. पाणी शिंपडत कापलं तर धूळ कमी उडते. कापलेल्या कडांना वॉटरप्रूफ कोटिंगचा हात द्या. पाटावर सिलिकॉनचे ठिपके देऊन बोर्ड बसवा, आधी भोकं पाडून वरून ८ स्क्रू मारा आणि त्यांची डोकी बोर्डमध्ये बुडवा.

टाइल बसवणं आणि सांधे भरणं

मिस्त्री म्हणेल, "साहेब, सिमेंटच्या स्लरीवर चिकटवून देतो, कशाला खर्च?" हसून नाही म्हणा. साधं सिमेंट टाइलच्या बारीक छिद्रांत शिरून तिला धरतं. पोर्सिलेन पाणीच पीत नाही, मग सिमेंट धरणार कशाला? तिथे पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं. पिशवीवर दोन गोष्टी बघा: व्हिट्रिफाइड टाइलला चालतं का, आणि बाहेरच्या कामाला चालतं का. भारतीय मानक आयएस १५४७७ प्रमाणे अ‍ॅडहेसिव्हचे टाइप ठरलेले आहेत. दुकानदाराला "बाहेर, लोखंडी फ्रेमवर, सिमेंट बोर्डला" एवढं सांगून त्याला चालणारा टाइप मागा.

काम करताना हे पाळा:

आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर. प्रमाण पिशवीवरचंच. कालवल्यावर पिशवीवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा फिरवा.

बोर्ड ओल्या फडक्यानं पुसून घ्या. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीनं एकाच दिशेनं ओढा आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल ठेवायची पद्धत इथे अजिबात चालणार नाही. मधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि वर जड भांडं पडलं की टाइल तिथेच फुटते.

३ मिमीचे स्पेसर लावा, रबरी हातोडीनं हलकं ठोका आणि पातळी बघा. २४ तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी नाण्यानं प्रत्येक टाइलवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून पुन्हा बसवा, कारण सांधे भरल्यावर हेच काम चौपट होतं.

मधल्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. सिमेंटचं ग्राउट स्वस्त, पण चहा-हळदीचे डाग पितं. इपॉक्सीचे भाग एकत्र केले की ते लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळेला लागेल तेवढंच वजन करून मिसळा. रंग करडा घ्या. पांढरं इपॉक्सी सतत उन्हात राहिलं की पिवळं पडतं.

लोखंड आणि टाइल यांच्यामधल्या कडेच्या फटीत मात्र ग्राउट भरायचं नाही. तिथे न्यूट्रल सिलिकॉन. कारण सोपं आहे. ९०० मिमी लोखंड ४० अंशांनी तापलं तर साधारण ०.४ मिमी लांबतं, टाइल त्याच्या निम्म्याच्या आसपास. रोज दुपारी लांबायचं, रोज रात्री आखडायचं. कडक ग्राउट या ओढाताणीत फुटतं, रबरासारखं सिलिकॉन ताणलं जातं. न्यूट्रल एवढ्यासाठी, की स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास असतो आणि त्यातलं आम्ल लोखंडाला गंज चढवतं.

शेवटी पायांना स्क्रूचे बुश लावा आणि मागचे दोन ५-६ मिमी वर करा. ६०० मिमीला ६ मिमी म्हणजे १०० ला १ चा उतार. बसणाऱ्याला कळत नाही, पाण्याला बरोबर कळतं.

गॅरंटी देण्याआधीची परीक्षा

माल गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी तुमच्याकडे तीन परीक्षा व्हायला हव्यात. एक, टेबलावर ५० किलोची सिमेंटची पिशवी रात्रभर ठेवा, सकाळी सांधे बघा. दोन, वर बादलीभर पाणी ओता, बहुतेक पाणी स्वतःहून ओघळलं पाहिजे, आणि तासाभरानं खाली वाकून बोर्डला ओल आली का बघा. तीन, दुपारभर उन्हात तापवून मग थंड पाणी ओता आणि कडेचं सिलिकॉन तपासा. तिन्ही परीक्षांचे फोटो काढून ठेवा. "मजबूत आहे हो" असं शंभर वेळा सांगण्यापेक्षा सिमेंटच्या पिशवीचा एक फोटो जास्त विकतो.

टेबल द्यायची घाईही नको. टाइल बसवल्यापासून आठवडाभरानंतरच ते गाडीत चढवा. आणि एक नमुना पावसाळाभर उघड्यावर ठेवा. तो तुमचा खरा सेल्समन.

आता पैशाचं बोलू

खाली धरलेले दर फक्त हिशोब शिकण्यासाठी आहेत. तुमच्या गावातले दर टाकून हाच तक्ता पुन्हा करा.

आधी बॅच ठरवा. ८ बाय ४ फुटी सिमेंट बोर्डच्या एका शीटमध्ये ९०९ बाय ६०६ चे तुकडे किती निघतात? सरळ मांडले तर ४. पण उरलेल्या पट्टीत एक तुकडा आडवा फिरवला की ५ बसतात. अँगलचंही तसंच. चार लांब्यांतून चार टेबलं होतात आणि त्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून पाचव्या टेबलाची चौकट आणि पट्ट्या निघतात. म्हणून ५ टेबलांची बॅच करायची.

५ टेबलांचा खर्च, समजा:

- अँगल ४ लांब्या आणि पाइप ५ लांब्या, मिळून सुमारे ६२ किलो, ७० रुपये किलोनं: ४,३४० रुपये
- सिमेंट बोर्ड १ शीट: २,०००
- टाइल्स ३० अधिक फुटीसाठी ४: १,५००
- अ‍ॅडहेसिव्ह २० किलोची १ पिशवी: ६००
- इपॉक्सी ग्राउट १ किलो: ६००
- सिलिकॉन २ ट्यूब: ५००
- प्रायमर, इनॅमल, थिनर, ब्रश: १,२००
- स्क्रू, बुश, कोटिंग: ६००
- वेल्डिंगची मजुरी, टेबलामागे ६००: ३,०००
- माल आणायचं भाडं: ७००

एकूण १५,०४० रुपये. एका टेबलाला ३,००८. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "तीन हजारात पडलं, चार हजाराला विकलं, हजार सुटले." नाही सुटले! पुढे बघा.

तुमचे स्वतःचे तास? पाच टेबलांना १६ तास धरा, १२५ रुपये तासानं २,०००, म्हणजे टेबलामागे ४००. वीज, कटिंग डिस्क, अवजारांची झीज: १००. तूटफूट आणि दुरुस्तीची तरतूद ५ टक्के: १७५. टेबल भरतं ३० किलोच्या आसपास, त्यामुळे ते दुचाकीवर जात नाही, छोटा टेम्पो लागतो. एका फेरीत दोन-तीन टेबलं गेली असं धरून डिलिव्हरी: २५०.

खरी किंमत झाली ३,९३३ रुपये. म्हणजे चार हजाराला विकलं तर नफा ६७ रुपये.

आता विक्रीची किंमत. विक्रीवर ३० टक्के नफा हवा असेल तर ३,९३३ मध्ये ३० टक्के मिळवायचे नाहीत, तसं केलं तर ५,१०० येतात आणि विक्रीवरचा नफा २३ टक्केच राहतो. ३,९३३ ला ०.७० ने भागा. येतात ५,६०० च्या आसपास. नफा १,६६७. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कर यावर वेगळा.

गिऱ्हाईक म्हणालं, "पाचशे कमी करा की दादा." पाचशे म्हणजे किमतीच्या ९ टक्के, पण तुमच्या नफ्याचे ३० टक्के. म्हणून पैसे सोडण्याऐवजी दुसरं काही द्या: चार टेबलांवर डिलिव्हरी मोफत, किंवा पहिल्या पावसाळ्यानंतर सिलिकॉनची एक मोफत तपासणी. याला खर्च कमी आणि गिऱ्हाइकाच्या मनात वजन जास्त.

आणि आता ०.५ टक्केवाली टाइल, इपॉक्सी, सिलिकॉन यावर एवढा जोर का दिला ते या आकड्यांत बघा. एक टेबल पूर्ण बदलून द्यावं लागलं तर ३,९३३ अधिक परत आणायचे साधारण ५००. म्हणजे अडीच टेबलांचा नफा बुडाला. साधं प्लाय आणि स्लरी वापरून टेबलामागे तीन-चारशे वाचवायचे आणि पाचातलं एक परत आलं की पूर्ण बॅचचा निम्म्याहून जास्त नफा घालवायचा, हा कुठला व्यवहार?

सुरुवात किती पैशांत?

पहिलंच एक टेबल करायला खिशातून किती जातील? वरच्याच दरांनी साडेसहा हजारांच्या पुढे. कारण शीट पूर्ण घ्यावी लागते, पिशवी पूर्ण, ग्राउटचा डबा पूर्ण. घाबरू नका, त्यातला बराच माल पुढच्या चार टेबलांचा आहे. फक्त उघडलेली अ‍ॅडहेसिव्हची पिशवी दमट हवेत गोळे धरते, ती हवाबंद डब्यात ठेवा आणि लवकर वापरा.

माझा सल्ला असा: पहिलं टेबल नमुना म्हणून करा. बोर्डचा कटपीस इंटिरिअरच्या ठेकेदाराकडे मिळतो का बघा, म्हणजे दोन हजारांची शीट वाचेल. मग नमुन्याचे फोटो आणि परीक्षेचे व्हिडिओ घेऊन जवळचे दहा होमस्टे, चहावाले, नर्सरीवाले गाठा. तीन ऑर्डर निम्म्या अ‍ॅडव्हान्सनं हातात आल्यावरच ५ ची बॅच लावा. तीन टेबलांचा अ‍ॅडव्हान्स ८,४०० रुपये होतो, म्हणजे बॅचच्या साहित्याचा निम्म्याहून जास्त खर्च गिऱ्हाइकाच्या पैशातून निघाला. कर्ज काढून वीस टेबलं करून ठेवायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, हे नको.

हंगामाचंही ध्यान ठेवा. घरगुती मागणी साधारण दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्यात असते. होमस्टेवाले पावसाळा संपताना, पर्यटकांच्या गर्दीआधी तयारी करतात. पावसाळ्यात रंग आणि सिलिकॉन वाळायला वेळ लागतो, तेव्हा बॅच छताखालीच करा आणि डिलिव्हरीची तारीख चार दिवस पुढची द्या.

आजचा गृहपाठ

एक, जवळच्या टाइलच्या दुकानात जाऊन दोन बॉक्सवरचा मजकूर वाचा. पाणी शोषणाचा आकडा कुठे लिहिलाय ते शोधा. दोन, फॅब्रिकेटरकडून अँगल-पाइपचा किलोचा दर आणि टेबलामागची मजुरी विचारा. तीन, वरचा तक्ता तुमच्या दरांनी भरा आणि शेवटच्या आकड्याला ०.७० ने भागा.

आलेली किंमत तुमच्या भागात मिळेल असं वाटतं? मग कामाला लागा. नाही वाटत? तर टाइल हलकी करू नका, माप बदला. ४ टाइल्सचं छोटं टी-टेबल करा, पाय ४०० मिमीचे ठेवा, लोखंड आणि वजन दोन्ही कमी होतील. किंमत खाली आणायची ती मापातून, पाण्याच्या बंदोबस्तातून नाही.

तक्ता भरून झाला की एकदा मोठ्यानं स्वतःलाच वाचून दाखवा. जिथे अडखळाल, तिथे एखादा खर्च लिहायचा राहिलाय. तो लिहा आणि मगच वेल्डिंगवाल्याला फोन लावा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!